विश्व नक्की किती वेगानं फुगतंय? कृष्ण ऊर्जा आणि न जुळणारी मोजमापं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वाच्या प्रसरणाबद्दल एकाच आठवड्यात दोन बातम्या वाचल्या की डोकं भणभणतं. एक म्हणते कृष्ण ऊर्जा क्षीण होतेय, दुसरी म्हणते विश्व अपेक्षेपेक्षा जास्त वेगानं फुगतंय. वाचणाऱ्याला वाटतं, यातली एक खोटी असणार. खरं तर ही दोन वेगळी भांडणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. खालचे बरेचसे प्रश्न त्या गुंत्यातूनच आलेले आहेत.

विश्व प्रसरण पावतंय म्हणजे नेमकं काय होतंय?

दूरदूरच्या दीर्घिकांमधलं अंतर वाढतंय. दीर्घिका अवकाशातून धावत सुटल्या आहेत असं नाही, त्यांच्या मधलं अवकाशच ताणलं जातंय. त्या अवकाशातून येणारा प्रकाशही वाटेत ताणला जातो, त्याची तरंगलांबी वाढते आणि तो वर्णपटाच्या तांबड्या बाजूकडे सरकतो. ही ताम्रसृती. व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ पासून ती मोजायला सुरुवात केली, जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये तिची सांगड सापेक्षतावादाशी घातली आणि एडविन हबल यांनी १९२९ मध्ये अंतर आणि वेग यांचा सरळ संबंध आलेखावर मांडला. या प्रसरणाला मध्यबिंदू नाही. कुठल्याही दीर्घिकेत जाऊन बसलात तरी बाकीच्या दूर जाताना दिसतील.

मग पृथ्वी, सूर्यमाला, आपली आकाशगंगा हेही फुगतंय का?

नाही. जिथे गुरुत्वाकर्षणाची किंवा अणूंमधल्या बलांची पकड घट्ट आहे तिथे प्रसरणाचं काही चालत नाही. शेजारची देवयानी दीर्घिका तर सेकंदाला साधारण ११० किलोमीटर वेगानं आपल्याकडेच येतेय.

हबल स्थिरांक म्हणजे काय? त्याचं एकक इतकं विचित्र का?

कारण तो नुसता वेग नाही, अंतरागणिक वेग आहे. हबल स्थिरांक ७० म्हणजे दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला ७० किलोमीटर. एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. तेवढ्या अंतरावरची दीर्घिका सरासरी ७० किलोमीटर वेगानं दूर जाते, दुप्पट अंतरावरची १४० नं. ‘विश्व ७० किलोमीटर वेगानं फुगतंय’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. किती अंतरावर, हे सांगावंच लागतं.

स्थिरांक हे नावही थोडं फसवं आहे. आज तो विश्वात सगळीकडे सारखा आहे, पण काळानुसार तो बदलत आलाय.

प्रसरणाचा वेग वाढतोय म्हणता, म्हणजे हबल स्थिरांकही वाढत असणार?

नाही, तो कमी होतोय. भल्याभल्यांची इथे गफलत होते, म्हणून जरा थांबून पाहू.

एखादी दीर्घिका निवडा आणि तिच्यावर नजर ठेवा. तिचा वेग म्हणजे हबल स्थिरांक गुणिले तिचं अंतर. अंतर वाढतंय, स्थिरांक घटतोय. विश्वाच्या पूर्वार्धात स्थिरांक इतक्या झपाट्यानं घटत होता की गुणाकारही घटत जायचा, म्हणजे त्या दीर्घिकेचा वेग मंदावायचा. साधारण ६०० कोटी वर्षांपूर्वी पारडं फिरलं. आता स्थिरांक इतका सावकाश घटतो की अंतराची वाढ त्याला भारी पडते आणि त्याच दीर्घिकेचा वेग वाढत जातो. ‘प्रवेगी प्रसरण’ म्हणतात ते याला. कृष्ण ऊर्जा जर खरोखर स्थिर असेल, तर हबल स्थिरांक घटत घटत ५५-५६ च्या आसपास येऊन तिथेच टेकेल.

कृष्ण ऊर्जेची कल्पना आली कुठून?

एका अपेक्षाभंगातून. १९९० च्या दशकात दोन गट विश्वाचं प्रसरण किती मंदावतंय हे मोजायला निघाले होते. मंदावतंय याबद्दल फारशी शंका कुणाला नव्हती. विश्वात पदार्थ आहे, पदार्थ एकमेकांना ओढतो, तेव्हा वेग उतरणारच. प्रश्न फक्त कितीनं, एवढाच. एका गटाचे प्रमुख होते सॉल पर्लमटर, दुसऱ्याचे ब्रायन श्मिट, आणि त्या दुसऱ्या गटाच्या निर्णायक विश्लेषणाची जबाबदारी होती अ‍ॅडम रीस यांच्याकडे.

दोघांचंही साधन एकच, ‘१ए’ प्रकारचे सुपरनोव्हा. श्वेत बटू ताऱ्यांच्या या स्फोटांची मूळ तेजस्विता जवळपास सारखी असते. थोडा फरक असतो, पण जो स्फोट जास्त तेजस्वी तो सावकाश मावळतो, त्यामुळे तो फरक हिशोबात धरता येतो. मूळ तेज ठाऊक असलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघतं. १९९८ मध्ये दोन्ही गटांना आढळलं की दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा अंधूक आहेत, म्हणजे अपेक्षेपेक्षा लांब आहेत. प्रसरण मंदावत नव्हतं, वेग घेत होतं. दोन स्पर्धक गटांनी एकच नको असलेलं उत्तर आणलं, हीच त्या निष्कर्षाची खरी ताकद होती. २०११ चं भौतिकीचं नोबेल या तिघांना मिळालं.

हा वेग ज्यामुळे वाढतो त्या अज्ञात गोष्टीला मायकेल टर्नर यांनी ‘डार्क एनर्जी’ म्हटलं. कृष्ण ऊर्जा काळी नाही. ती प्रकाश शोषत नाही आणि सोडतही नाही, त्यामुळे ‘पारदर्शक’ म्हणणं जास्त प्रामाणिक ठरलं असतं. पण एव्हाना नाव रुळलंय.

सुपरनोव्हा अंधूक दिसले ते मधल्या धुळीमुळे नसेल कशावरून?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो घेणाऱ्यांत जयंत नारळीकर होते. फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी असं सुचवलं होतं की दीर्घिकांमधल्या अवकाशात धातूच्या सूक्ष्म सुया पसरलेल्या असतील आणि त्या प्रकाश शोषत असतील. मग कृष्ण ऊर्जेची गरज उरत नाही.

विचार करण्यासारखा आक्षेप होता. पण धुळीचा परिणाम अंतराबरोबर वाढतच जायला हवा. २००४ पर्यंत हबल दुर्बिणीनं फार दूरचे, म्हणजे प्रसरण अजून मंदावत होतं त्या काळातले सुपरनोव्हा टिपले. साध्या धुळीच्या हिशोबानं ते जितके अंधूक दिसायला हवे होते, तितके ते नव्हते. शिवाय सुपरनोव्हांशी काही संबंध नसलेल्या मोजमापांतूनही कृष्ण ऊर्जेचं जवळपास तेवढंच प्रमाण निघालं. आज सुपरनोव्हा पूर्ण बाजूला ठेवले तरी कृष्ण ऊर्जा हिशोबातून जात नाही.

बरं, पण ती आहे तरी काय?

सगळ्यात साधं उत्तर १९१७ सालचं आहे. आइन्स्टाइन यांनी आपल्या समीकरणांत एक स्थिर पद घातलं होतं, वैश्विक स्थिरांक. त्यांना विश्व स्थिर ठेवायचं होतं. प्रसरणाचा शोध लागल्यावर त्यांनी ते पद सोडून दिलं. १९९८ नंतर तेच पद वेगळ्या कामासाठी परत आलं. त्याचा अर्थ असा, की रिकाम्या अवकाशालाही स्वतःची ऊर्जा असते आणि अवकाश कितीही ताणलं तरी दर घनमीटरमागे ती तेवढीच राहते.

ही घनता अगदी नगण्य आहे. एका घनमीटरमध्ये साधारण साडेतीन प्रोटॉनांच्या वस्तुमानाएवढी. पृथ्वीच्या पूर्ण आकारमानातली कृष्ण ऊर्जा एकत्र केली तर वजन भरेल जेमतेम ६ मिलिग्रॅम. तरीही विश्वाच्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे ६८ टक्के, कारण विश्वात रिकामी जागाच अफाट आहे. कृष्ण पदार्थ २७ टक्क्यांच्या आसपास. तारे, ग्रह, वायू, तुम्ही-आम्ही मिळून उरलेले ५.

अडचण अशी की निर्वाताची ऊर्जा किती असावी हे क्वांटम सिद्धांताला विचारलं, तर ढोबळ हिशोबात उत्तर येतं ते मोजलेल्या आकड्याच्या दहाचा १२० वा घात पट. एकावर १२० शून्यं! हबल स्थिरांकातली आठ टक्क्यांची तफावत (तिच्याबद्दल पुढे) गाजते, ही तफावत मात्र सगळे गुपचूप सतरंजीखाली सरकवून पुढे जातात.

ऊर्जा असेल तर ती ओढायला हवी, ढकलते कशी?

सापेक्षतावादात गुरुत्वाकर्षण नुसत्या ऊर्जेवर ठरत नाही, दाबावरही ठरतं. पसरूनही जिची घनता कमी होत नाही अशा गोष्टीचा दाब ऋण असावा लागतो, आणि ऋण दाब पुरेसा मोठा असला की गुरुत्वाकर्षणाची दिशा उलटते. दाब भागिले घनता या गुणोत्तराला ‘डब्ल्यू’ म्हणतात. वैश्विक स्थिरांकासाठी ते बरोबर उणे १ असतं. हा उणे १ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भांडण नेमकं कशावरून आहे?

हबल स्थिरांक दोन वाटांनी काढता येतो. जवळच्या विश्वातली अंतरं आणि वेग थेट मोजणाऱ्या रीस यांच्या गटानं २०२२ मध्ये दिलेला आकडा ७३.०, अनिश्चितता १.०. बाल्यावस्थेतल्या विश्वाचं चित्र घेऊन त्यावरून आजचा दर काढणाऱ्या प्लँक उपग्रहाचा २०१८ चा आकडा ६७.४, अनिश्चितता ०.५.

समजा, पाण्याच्या टाकीत सकाळी किती पाणी होतं याची नोंद आहे, नळाचा प्रवाह माहीत आहे आणि त्यावरून संध्याकाळची पातळी तुम्ही गणितानं काढली. दुसऱ्यानं काठी बुडवून पातळी मोजली. दोन्ही जुळत नाहीत. मग काठीवरच्या खुणा चुकल्या असतील, नाहीतर सकाळच्या नोंदीचा अर्थ लावण्यात चूक झाली असेल, नाहीतर दिवसभरात एखादी तोटी हिशोबाबाहेर वाहत राहिली असेल. हबल स्थिरांकावरचा सगळा वाद या तीन शक्यतांमध्येच फिरतो.

पहिली वाट, म्हणजे काठी, कशी चालते?

तिला अंतराची शिडी म्हणतात. एका उडीत दूरच्या दीर्घिकेपर्यंत पोचता येत नाही, म्हणून पायऱ्या.

खालची पायरी भूमितीची. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो, त्यावरून अंतर निघतं. हा पराशय. गाया उपग्रहानं तो अतिशय बारकाईनं मोजलाय. याच पायरीवर आणखी दोन खुंट आहेत : मोठ्या मॅगेलनी मेघातल्या, एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या तारकाजोड्या, आणि एनजीसी ४२५८ या दीर्घिकेच्या मध्यावरच्या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या, सूक्ष्मलहरी सोडणाऱ्या पाण्याच्या वाफेच्या ढगांचा वेग.

मधली पायरी सेफीड ताऱ्यांची. हे तारे लयीत फुगतात आणि आकसतात. हेन्रिएटा लेव्हिट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅगेलनी मेघांच्या छायाचित्रपट्ट्या तपासताना शोधलं की सेफीडचा आवर्तकाल जितका मोठा तितकं त्याचं तेज जास्त. आवर्तकाल मोजायला घड्याळ पुरतं. तेज कळलं, अंतर कळलं. आधुनिक विश्वशास्त्राचा सगळा डोलारा या एका नियमावर उभा आहे, आणि तो शोधणाऱ्या बाईंना त्या काळात स्वतःच्या मर्जीनं दुर्बीण वापरायची मुभाही नव्हती.

वरच्या पायरीवर सुपरनोव्हा. ज्या दीर्घिकांत सेफीडही दिसतात आणि १ए सुपरनोव्हाही फुटलाय, तिथे सुपरनोव्हाचं खरं तेज ठरवता येतं. २०२२ च्या मोजणीत असे ४२ सुपरनोव्हा होते. चाळीस वर्षांत निसर्गानं आवाक्यातल्या अंतरात जेवढे चांगले दिले, जवळजवळ तेवढेच. मग ती पट्टी घेऊन शेकडो दूरच्या सुपरनोव्हांपर्यंत जायचं.

शिडीचा तोटा उघड आहे. खालची पायरी एक टक्क्यानं हलली की वरचं सगळं एक टक्क्यानं हलतं.

प्लँकनं तर आजचा वेग मोजलाच नाही. मग त्याचा आकडा कसा काय धरायचा?

बरोबर. प्लँकनं जे पाहिलं ते विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचं. त्याआधी विश्व म्हणजे प्रकाश आणि विद्युतभारित कणांचा दाट रस्सा होता आणि त्यातून ध्वनीच्या लाटा पसरत होत्या. विश्व निवळलं, प्रकाश मोकळा झाला, लाटा होत्या तिथे गोठल्या. तोवर एखादी लाट जास्तीत जास्त किती दूर जाऊ शकली असती हे अंतर भौतिकीच्या नियमांवरून काढता येतं. ही विश्वाची जन्मजात मोजपट्टी.

ती पट्टी आज आकाशात ०.६ अंशाचा कोन करते, पूर्ण चंद्रापेक्षा थोडा मोठा. हा कोन प्लँकनं ०.०३ टक्के अचूकतेनं मोजलाय. पट्टीची लांबी आणि तिनं केलेला कोन हातात आला की तिथपर्यंतचं अंतर निघतं, आणि त्या अंतरातून, मधल्या काळात विश्व कसं फुगलं याचं प्रतिमान (मॉडेल) गृहीत धरून, आजचा दर. मोजमाप अतिशय नेटकं. पण ‘प्रतिमान गृहीत धरून’ या तीन शब्दांवर सगळा भार आहे. हे प्रमाण प्रतिमान म्हणजे वैश्विक स्थिरांक अधिक थंड कृष्ण पदार्थ.

आठ टक्क्यांचा तर फरक! खगोलशास्त्रात एवढं चालायचंच, नाही का?

पूर्वी चालायचं. हबल यांचा स्वतःचा आकडा ५०० च्या घरात होता. त्यावरून विश्वाचं वय साधारण २०० कोटी वर्षं निघायचं, पृथ्वीवरच्या खडकांपेक्षा कमी. सेफीडसारख्या दिसणाऱ्या ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत आणि ते एकच समजले गेले होते, हे वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिलं. १९५२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि एका फटक्यात विश्व दुप्पट मोठं झालं. नंतर १९७० पासून जवळपास दोन दशकं अ‍ॅलन सँडेज आणि गुस्ताव टामान ५० च्या बाजूला, जेरार द व्होकूलर १०० च्या बाजूला. दोघांच्याही अनिश्चिततेच्या पट्ट्या इतक्या अरुंद की एकमेकांना शिवतही नव्हत्या. २००१ मध्ये वेंडी फ्रीडमन यांच्या गटानं हबल दुर्बिणीवरून दिलेला आकडा ७२ होता, अनिश्चितता ८. म्हणजे सत्य मधोमध निघालं आणि दोन्ही बाजूंचा आत्मविश्वास फोल ठरला.

हा इतिहास ठाऊक असला की ७३ आणि ६७ पाहून पहिली प्रतिक्रिया ‘पुन्हा तेच’ अशी होते. माझीही झाली होती. पण तेव्हाचं भांडण एकाच प्रकारच्या पायऱ्या वेगवेगळ्या पद्धतीनं वापरणाऱ्यांमधलं होतं. आताचं आहे ते ज्यांची साधनं, आकाशातल्या वस्तू आणि चुका होण्याच्या जागा पूर्णपणे वेगळ्या आहेत अशा दोन वाटांमधलं. आणि फरक अनिश्चिततेच्या साधारण पाचपट आहे, ज्याला पाच सिग्मा म्हणतात. नुसत्या योगायोगानं असं होण्याची शक्यता लाखात एकही नाही. अर्थात हे गणित सांगितलेली अनिश्चितता खरी धरून केलेलं असतं, आणि ती खरी आहे का, हाच तर वाद आहे.

कुणाची तरी चूक सापडली का मग?

शोधणाऱ्यांनी कसूर केलेली नाही. सेफीडवर मोठा संशय गर्दीचा होता. दूरच्या दीर्घिकेत सेफीडच्या अगदी शेजारी दुसरे तारे असतात, त्यांचा उजेड मिसळून सेफीड आहे त्यापेक्षा तेजस्वी वाटू शकतो. २०२१ च्या डिसेंबरात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीची नजर हबलपेक्षा अवरक्त प्रकाशात कितीतरी तीक्ष्ण. तिनं तेच सेफीड पुन्हा पाहिले आणि हबलची अंतरं बरोबर निघाली. गर्दीचा संशय संपला.

पण सेफीड सोडून दुसऱ्या ताऱ्यांची पायरी घेतली तर? फ्रीडमन यांच्या गटानं तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा आधार घेतला. हे तारे एका ठरावीक कमाल तेजाला पोचले की त्यांच्या गाभ्यात हीलियम पेट घेतो आणि तेज उतरतं, त्यामुळे ते कमाल तेज म्हणजे एक खूणच. त्यातून २०१९ मध्ये ६९.८ आला आणि पुढे वेबच्या निरीक्षणांसह ७०.४ च्या आसपास. अनिश्चितता लक्षात घेतली तर हा आकडा प्लँकशी फारसा भांडत नाही. रीस यांच्या गटाचं म्हणणं, वेबच्या त्या नमुन्यात सुपरनोव्हा थोडे होते आणि योगायोगानं ते खालच्या बाजूचे निघाले. मला यात दोन्हीकडे तथ्य दिसतं. एका दीर्घिकेचं अंतर काढण्यावरून आता फारसं भांडण नाही, कुठले सुपरनोव्हा धरायचे यावरून आहे.

प्लँकची बाजूही एकट्या प्लँकवर नाही. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातली आणि दक्षिण ध्रुवावरची दुर्बीण, दोघींनी स्वतंत्रपणे तेच प्राचीन प्रारण, म्हणजे विश्व निवळताना मोकळा झालेला प्रकाश, मोजलं आणि ६७-६८ च्या परिसरातच पोचल्या. प्लँक पूर्ण वगळून, दीर्घिकांच्या मांडणीत उरलेली ध्वनिलाटांची खूण आणि महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत बनलेल्या हलक्या मूलद्रव्यांचं प्रमाण एवढ्यावर हिशोब केला तर येतो ६८.५. इथे एक खोच आहे : मोजपट्टीची लांबी या हिशोबातही त्याच प्रारंभिक भौतिकीतून घेतलेली असते. ती भौतिकी चुकीची असेल तर हे सगळे आकडे एकत्रच चुकतील.

शिडीही नको, प्राचीन प्रारणही नको. तिसरा पंच नाही का?

आहेत, पण अजून त्यांची नजर अधू आहे.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, टिपल्या गेल्या. लहरींच्या आकारावरून अंतर थेट निघतं, पायऱ्या लागत नाहीत. ज्या दीर्घिकेत हे घडलं ती प्रकाशात सापडली, तिचा वेग कळला. उत्तर आलं ७०. अनिश्चितता वर १२, खाली ८. म्हणजे पंच म्हणाला, दोघंही बरोबर असू शकता.

दुसरा पंच मला जास्त आवडतो. नॉर्वेचे श्यूर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्ये सुचवलं होतं की मधल्या मोठ्या वस्तुमानाच्या भिंगामुळे एकाच सुपरनोव्हाच्या अनेक प्रतिमा दिसल्या, तर त्या वेगवेगळ्या वेळी दिसतील, कारण प्रत्येक वाट वेगळ्या लांबीची. त्या वेळांतल्या फरकावरून हबल स्थिरांक काढता येईल. अशी घटना सापडायला अर्धं शतक लागलं. २०१४ मध्ये एका दीर्घिकासमूहामागे एका स्फोटाच्या चार प्रतिमा दिसल्या. त्याला रेफ्सडाल यांचंच नाव दिलं. समूहाचं वस्तुमान कसं पसरलंय यावरून शास्त्रज्ञांनी सांगितलं की आणखी एक प्रतिमा साधारण वर्षभरानं अमुक जागी उगवेल. २०१५ च्या डिसेंबरात ती तिथे उगवली! त्यातून पुढे ६५-६७ चा आकडा निघाला. वेबला सापडलेल्या अशाच दुसऱ्या सुपरनोव्हातून मात्र ७५ च्या आसपास. दोन्हींची अनिश्चितता मोठी, त्यामुळे निकाल राखून ठेवलेला बरा.

‘कृष्ण ऊर्जा क्षीण होतेय’ ही बातमी कुठून आली?

डेझी या प्रकल्पातून. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर चार मीटर व्यासाच्या मेयॉल दुर्बिणीला ५००० प्रकाशतंतू जोडलेले आहेत आणि प्रत्येक तंतू छोटा रोबो हलवतो, एकेका दीर्घिकेवर नेमका रोखायला. गोठलेल्या ध्वनिलाटांमुळे दीर्घिका एकमेकींपासून आजच्या मापात साधारण ५० कोटी प्रकाशवर्षं अंतरावर असण्याची शक्यता किंचित जास्त असते. ही खूण वेगवेगळ्या काळांत केवढी दिसते ते मोजलं की प्रसरणाचा इतिहास हाती येतो.

एप्रिल २०२४ मध्ये पहिले निष्कर्ष आले, मार्च २०२५ मध्ये सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रं) धरून दुसरे. एकट्या डेझीचे आकडे साध्या वैश्विक स्थिरांकाशी जुळतात. पण त्यात प्राचीन प्रारण आणि सुपरनोव्हा मिळवले की मघाचा उणे १ डळमळतो. सगळ्यांना एकत्र बसवायला सोपं जातं ते असं चित्र : कृष्ण ऊर्जेची घनता काही अब्ज वर्षांपूर्वी कळसाला पोचली आणि आता उतरतेय. सुपरनोव्हांचा कुठला संच घेता त्यावर या निष्कर्षाची खात्री २.८ ते ४.२ सिग्मा.

संच बदलला की खात्री इतकी बदलते, हे मला खटकतं. जवळच्या आणि दूरच्या सुपरनोव्हांची तेजस्विता वेगवेगळ्या दुर्बिणींतून मोजली जाते आणि ती एका मापात आणताना शतांश भागाची चूकही इथे महागात पडते. दुसरीकडे, सुपरनोव्हा वगळून, फक्त डेझी आणि प्राचीन प्रारण घेतलं तरी ३.१ सिग्मा उरतोच. म्हणून हे झटकून टाकता येत नाही, आणि ‘आइन्स्टाइन चुकले’ असे मथळे द्यायची वेळही आलेली नाही.

कृष्ण ऊर्जा बदलती असेल तर हबलचं भांडण मिटेल ना?

उलट चिघळतं, आणि हे बातम्यांत क्वचितच येतं. डेझीला पसंत पडणारी, उतरत जाणारी कृष्ण ऊर्जा प्रतिमानात घातली की प्राचीन विश्वावरून काढलेला हबल स्थिरांक ६७ च्याही खाली घसरतो. ७३ तर आणखी लांब जातो. दोन कोडी, आणि एकाचं सोपं उत्तर दुसऱ्याला अडचणीत आणतं.

मग ७३ आणि ६७ जुळवायला कुठल्या युक्त्या सुचवल्या गेल्यात?

सर्वांत चर्चेतली म्हणजे ‘प्रारंभिक कृष्ण ऊर्जा’. विश्व निवळायच्या आधी थोडा काळ एकूण ऊर्जेच्या दहाएक टक्के इतकी वेगळीच ऊर्जा होती आणि मग ती विरून गेली. तिच्यामुळे प्रसरण तेव्हा वेगानं झालं, ध्वनिलाटांना कमी वेळ मिळाला, मोजपट्टी आखूड निघाली. पट्टी आखूड धरली की तोच कोन जास्त जवळच्या अंतराशी जुळतो आणि हबल स्थिरांक वर सरकतो. टाकीच्या भाषेत, सकाळच्या नोंदीचा अर्थ चुकला. कल्पना चलाख आहे. पण ती बरोबर त्या वेळी उगवून बरोबर त्या वेळी का मावळली, याचं कारण हातानं घालावं लागतं, आणि तिच्यामुळे पदार्थाच्या गुठळ्या निरीक्षणांपेक्षा जास्त व्हायला लागतात.

आपण एखाद्या मोठ्या पोकळीत राहत असलो तर?

आजूबाजूला पदार्थ कमी असेल तर जवळच्या दीर्घिका बाहेरच्या बाजूला ओढल्या जातील आणि स्थानिक दर फुगलेला दिसेल. आपल्या भोवती काहीशी विरळ जागा असावी अशा खुणा आहेतही. पण आठ टक्के भरून काढायला लागणारी पोकळी इतकी खोल आणि रुंद हवी, की प्रमाण प्रतिमानात तशी तयार होणं जवळपास अशक्य.

गुठळ्यांवरूनही वाद होता ना?

होता. विश्वातला पदार्थ किती गोळा झालाय, याचा गुरुत्वीय भिंगातून मोजलेला आकडा प्लँकच्या भाकितापेक्षा कमी येत होता. ‘किड्स’ या पाहणीच्या २०२५ च्या अंतिम विश्लेषणात तो प्लँकशी जुळला. मोजमाप सुधारलं, दरी बुजली. सगळ्याच दऱ्या अशा बुजतील असं नाही.

हबल स्थिरांक ७३ असेल तर विश्व तरुण ठरेल का?

बाकी घटक तेच ठेवले तर हो. १३८० कोटी वर्षांऐवजी सुमारे १२७० कोटी. सर्वांत जुन्या तारकागुच्छांची वयं तिथे काठावर येतात, त्यामुळे ७३ खरा असेल तर बाकी घटकांतही काहीतरी बदलावं लागेल.

शेवटी विश्वाचं काय होणार?

कृष्ण ऊर्जा स्थिर असेल तर दूरच्या दीर्घिका एकेक करून नजरेच्या टप्प्याबाहेर जातील आणि आपला जवळचा समूह तेवढा उरेल. डब्ल्यू उणे १ च्या कायम खाली राहिला तर तारे आणि अणूही फाटतील. ऊर्जा क्षीण होत गेली तर प्रवेग थांबूही शकेल. यातलं काहीही अब्जावधी वर्षांच्या आत घडत नाही.

पुढची भरवशाची मोजमापं कुठून येतील?

१ जुलै २०२३ ला सोडलेली युक्लिड दुर्बीण दीर्घिकांचे आकार आणि मांडणी टिपतेय. चिलीतल्या ८.४ मीटर आरशाच्या रुबिन वेधशाळेनं जून २०२५ मध्ये पहिली चित्रं दाखवली. तिची पाहणी दहा वर्षं चालणार आहे आणि सुपरनोव्हांची आजची टंचाई ती मोडून काढेल. मला स्वतःला जास्त आशा आहे ती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींची. प्रकाशासह टिपलेल्या अशा काही डझन टकरी मिळाल्या तर शिडीशिवाय दोन टक्क्यांपर्यंत पोचता येईल. आतापर्यंत पदरात पडली आहे एक.

तोवर गणितं सोडवताना कुठला आकडा घ्यायचा?

७० घ्या, आणि घेतलाय हे लिहा. शोधनिबंधांतही बऱ्याचदा तसंच करतात. फक्त उत्तरातल्या दशांशानंतरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.